कामावरचे मृत्यू : नोंद कोणत्या खात्यावर?



ताळेबंद, जमाखर्च पत्रक आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचे विवेचन अहवालात देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. या प्रथेनुसार यंदा आम्ही काम करीत असताना होणाऱ्या मृत्यूंचा विषय घेतला आहे. विषय अप्रिय आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तो घेण्यामागे एक जुना प्रसंग आहे आणि त्यात दोष आमचाही होता, म्हणून तोच प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी रब्बीच्या दिवसांत एका सालगड्याला मध्यरात्रीनंतर आपल्या रुग्णालयात आणण्यात आले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा प्राण गेलेला होता. सोबत शेतमालकाच्या घरची माणसे होती. केसपेपर लिहिणाऱ्याने काय झाले असे विचारले, ‘घरी शॉक लागला’ असे उत्तर आले आणि तसेच लिहिले गेले. नियमाप्रमाणे पोलिसांना खबर दिली गेली व आमच्या दृष्टीने काम संपले. दोन महिन्यांनी त्याची पत्नी दिराला सोबत घेऊन कार्यालयात आली. ‘ते घरी नव्हते वो साहेब, रानात मोटार चालू करायला गेले होते. कागदावर घरी कशाला लिवलं?’ एवढाच तिचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात विजेवर वा यंत्रावर चालणाऱ्या साधनांनी शेती करणाऱ्या मजुराचा समावेश होता, हे आम्हांला पुढे एका वकिलांकडून कळले. म्हणजे रात्री मोटार चालू करताना दगावलेल्या सालगड्याच्या वारसांना निदान दावा तरी मांडता आला असता. ‘घरी’ या दोन अक्षरांनी तो मार्ग अवघड करून ठेवला. मालकाने काही रक्कम व धान्य दिले आणि प्रकरण मिटले, असे नंतर कानांवर आले.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. नोंद चुकीच्या खात्यावर पडली तरी बेरीज जुळते, पण हिशेब खोटा असतो, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो. आपल्या परिसरातील कामावरच्या मृत्यूंचे नेमके असेच झाले आहे. बुडून मृत्यू, सर्पदंश, वाहन अपघात, वीज पडणे, विषबाधा अशा निरनिराळ्या खात्यांवर ते विखुरले गेले आहेत. मृत व्यक्ती त्या क्षणी काय काम करीत होती, कोणासाठी करीत होती, याचे खातेच उघडलेले नाही.

जगाचा हिशेब पाहता हा प्रश्न केवढा मोठा आहे हे ध्यानी येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार कामाशी संबंधित कारणांनी जगात वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसे मरण पावतात. त्यांपैकी अपघाती मृत्यू सुमारे ३ लाख ३० हजार. उरलेले २६ लाख मृत्यू कामामुळे जडलेल्या आजारांचे आहेत. अपघाती मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू शेती, बांधकाम, वनकाम व मासेमारी आणि कारखानदारी एवढ्याच क्षेत्रांत होतात. आपल्या भूम तालुक्यात मासेमारी व वनकाम नगण्य आहे. शेती आणि बांधकाम मात्र घराघरांत आहे.

कारखान्यांची नोंद त्या मानाने बरी. तेथे निरीक्षक असतो, हजेरीपट असतो, अपघाताची सूचना देणे बंधनकारक असते. त्यामुळे २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेच्या आसपास कामगार मरण पावले, हे सांगता येते. मोठा स्फोट झाला की वृत्तपत्रेही धावतात. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे आगीत सतरा कामगार गेले, त्यांत बहुसंख्य महिला होत्या. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटके बनविणाऱ्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांतही सहा महिला होत्या. बारीक, हाताने करावयाचे आणि कमी मजुरीचे काम स्त्रियांकडे असते आणि स्फोटक द्रव्याशेजारी बहुधा तेच काम असते, असे आमचे निरीक्षण आहे. हे दूरचे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातील वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथून फारशा दूर नसलेल्या बार्शी तालुक्यातील पांगरी परिसरात १ जानेवारी २०२३ रोजी फटाका कारखान्याच्या स्फोटात महिला मजूर मृत्युमुखी पडल्या. फटाक्याच्या दारूला काडी लागावीच लागते असे नाही. घर्षण, उन्हात तापलेला माल, एवढेच काय कृत्रिम धाग्याच्या कपड्यातून उडालेली ठिणगीही पुरते. म्हणूनच एका खोलीत मोजकी माणसे आणि मोजकाच माल असावा, असा नियम असतो. तो मोडला की एकाचा अपघात दहा जणांचा होतो.

आता शेताकडे वळू, कारण आमच्या दारी येणारे बहुतेक जण तेथून येतात.

आपल्याकडे शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री मिळत आली आहे. रात्रीची पाळी असली की शेतकरी वा सालगडी बॅटरी घेऊन अंधारात निघतो. ओला बांध, अनवाणी पाय, उघडा स्टार्टर, अर्थिंग नाही, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा. त्याच अंधारात, त्याच बांधावर, उंदरांच्या मागावर साप असतो. विजेचा धक्का आणि सर्पदंश ही दोन वेगळी कारणे म्हणून लिहिली जातात, पण पुष्कळदा दोहोंच्या मागे रात्रीचे पाणी हे एकच कारण असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम राज्यात सुरू आहे. ती ऊर्जा खात्याची योजना म्हणून ओळखली जाते. आमच्या मते ती आरोग्य योजनाही आहे.

सर्पदंशाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यातील बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले. बरेचसे रुग्ण रुग्णालयात पोहोचलेच नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप, आणि उपलब्ध प्रतिसर्पविष या चौघांवर चालते. घोणस चावली की वेदना व सूज असते, माणूस घाबरून धावत येतो. मण्यार रात्री, झोपेत चावते, वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि श्वास थांबतो. अशा रुग्णाला कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर तो पुष्कळदा वाचतो. गतकाळात देणगीदारांनी दिलेल्या व्हेंटिलेटरचा उल्लेख येथे कृतज्ञतापूर्वक करावासा वाटतो. चावलेल्या जागी चिरा देऊ नये, घट्ट आवळू नये, चोखू नये, देवळात वा मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हात वा पाय हलू न देता गाडीत घालून थेट आणावे. साप मारून आणण्याची गरज नाही. या भानगडीत दुसरा माणूस चावला गेल्याचे आम्ही पाहिले आहे.

विंचवाविषयी मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या लहान गावी राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते हे दाखवून दिले. भात काढणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसांचे जीव त्यामुळे वाचले.

दुसरा मोठा वर्ग विहिरी आणि खड्डे यांचा. विहीर खोदताना वा बांधताना डगर कोसळते, यारीची दोरी तुटते, सुरुंग अवेळी उडतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीचे रिंगचे काम चालू असताना माती ढासळून चार मजूर गाडले गेले. त्यांचे मृतदेह हाती लागावयास जवळजवळ तीन दिवस लागले. चौघेही जवळच्याच गावचे होते, रोजंदारीवर आलेले.

परंतु आम्हांला अधिक भय वाटते ते न दिसणाऱ्या वायूचे. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यास एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, आणि असे करीत पाच जण गेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात शौचालयाचा हौद साफ करणारे पाच मजूर असेच एकामागून एक मरण पावले. कुजणाऱ्या शेणात, मैल्यात हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते आणि दोनचार श्वासांत माणूस कोसळतो. वास गेला म्हणजे वायू गेला, अशी समजूत जीवघेणी आहे. विहिरीत पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिन उतरविले तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. जुनी मंडळी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. न विझला तर विषारी वायू नाही असे मुळीच सिद्ध होत नाही, आणि मिथेन असेल तर ज्योतीनेच भडका उडतो. खाली पडलेल्या माणसाला वाचविण्यासाठी कमरेला दोर न बांधता उतरणारा हा बहुधा दुसरा मृत असतो. हे लिहिताना हात जड होतो, कारण उतरणारा बहुतेक वेळा भाऊ किंवा मुलगा असतो. वरून हवा सोडावी, अग्निशमन दलास बोलवावे, आणि कोणी उतरलेच तर त्याचा दोर वर किमान दोघांच्या हाती असावा.

गटार व मैल्याच्या टाकीत माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. केसपेपरवर मात्र ‘गुदमरून मृत्यू’ एवढेच लिहिले असेल, तर हा निकाल त्या कुटुंबापर्यंत कसा पोहोचावा?

फवारणीच्या मृत्यूंची चर्चा २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यामुळे झाली. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, आणि अंगावर ओला सदरा. विष पोटातून नव्हे तर त्वचेतून व श्वासातून गेले. येथेही नोंदीचा प्रश्न आहेच. कीटकनाशकाची विषबाधा म्हटली की प्रथम आत्महत्येचा संशय येतो, आणि कुटुंब लाजेने गप्प बसते. फवारणी करताना मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे असे काही जाणवले तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली वा तिच्यावरील चिठ्ठी सोबत आणावी. ती बाटली डॉक्टरांचा अर्धा तास वाचविते.

मळणीयंत्राविषयी थोडक्यात लिहितो. सोयाबीनच्या सुगीत यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात रात्रंदिवस फिरत असते, माणसे थकलेली असतात, आणि पदर, ओढणी किंवा हात आत ओढला जातो. यंत्राच्या तोंडाला सुरक्षित पन्हळ असावी, यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. गावोगावच्या यंत्रांकडे पाहता तो कायदा अद्याप बांधावर पोहोचलेला दिसत नाही. वीज पडून देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक मृत्यू होतात, तेही बहुतांशी शेतात काम करणाऱ्यांचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर आगाऊ सूचना देते. घरातील एखाद्या शिकत्या मुलाने ते घेऊन ठेवावे.

कामावर जाताना होणारा मृत्यू कोणत्या खात्यावर लिहावा? ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव येथे मजूर स्त्रियांना शेतात नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात जणी बुडाल्या. दप्तरी तो वाहन अपघात. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड जोड्यांचे तर सारेच आयुष्य या दोन खात्यांच्या मध्ये पडलेले आहे. उचल घेतलेली असते, मुकादम बांधलेला असतो, पहाटे थंडीत तोड सुरू होते आणि रात्री उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर बसून माणसे परततात. उसाच्या फडाशेजारी कोपीत जमिनीवर झोपलेल्या मजुराला मण्यार चावली, तर तो कामावर होता की घरी? घर कोठे होते त्याला? आमच्या मते तो कामावरच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून कामावर जाता-येता झालेला अपघात काही अटींवर कामावरचाच मानला आहे, ही समाधानाची बाब आहे. १९२३ चा कायदा आता याच संहितेत सामावला आहे.

आजारांचे खाते सर्वांत मोठे आणि सर्वांत कोरे. आपला तालुका खव्यासाठी नावाजलेला. पहाटेपासून लाकडाच्या भट्टीपुढे दूध आटविणाऱ्या माणसाच्या छातीत वर्षानुवर्षे धूर जातो, खडी केंद्रावरील मजुराच्या छातीत दगडाची भुकटी. पन्नाशीत दम लागू लागतो आणि केसपेपरवर ‘दमा’ लिहिला जातो. भट्टी वा खडी केंद्र त्या कागदावर कधी येत नाही. भट्टीवर धुराडे बसविण्यास खर्च येतो हे खरे, पण तो एका रुग्णाच्या एका महिन्याच्या प्राणवायूच्या खर्चाशी एकदा ताडून पाहावा.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी काही उपयुक्त माहिती देतो. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य अपघातात मरण पावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणे, वीज पडणे यांचा तीत समावेश आहे, आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत करावयाचा असतो. दुःखाच्या घरात तीस दिवस पाहता पाहता जातात, म्हणून भाऊबंदांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावे. या योजनेला सातबारा लागतो. ज्याच्या नावे जमीन नाही, त्या मजुराला ती लागू नाही, आणि शेतात मरणाऱ्यांत तोच अधिक, असे आम्हांला दिसते. नोंदणीकृत बांधकाम मजूर कामावर दगावल्यास बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून वारसांना पाच लाख रुपये मिळतात. अट नोंदणी चालू असण्याची. भूमिहीनांनी निदान बँकेतील वर्षाला वीस रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी; अपघाती मृत्यूस तिच्यात दोन लाख आहेत. यांपैकी प्रत्येक ठिकाणी पंचनामा व शवविच्छेदन अहवाल पाहिला जातो. ‘चिरफाड नको’ म्हणून शव परस्पर घरी नेण्याचा आग्रह आम्ही समजू शकतो, पण त्या आग्रहाची किंमत पुढे विधवेला मोजावी लागते.

त्या सालगड्याच्या पत्नीने विचारलेल्या प्रश्नानंतर आम्ही अपघात विभागाचा केसपेपर नव्याने छापून घेतला. वय व पत्त्याच्या खाली आता चार ओळी अधिक आहेत : रुग्ण त्या वेळी काय काम करीत होता, कोणाच्या शेतात वा जागेवर, कामावर कोणी लावले होते, आणि ही माहिती देणाऱ्याचे रुग्णाशी नाते काय. चौथी ओळ आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. माहिती देणारा मालक वा मुकादम असेल, तर नातेवाईक आल्यावर त्यांचेही म्हणणे वेगळ्या शाईने, तारीख व वेळ टाकून लिहिले जाते. आमचे काही कर्मचारी प्रारंभी नाखूश होते, कारण कोणाचा मालक नात्यातला निघतो, कोणाचा गावचा पुढारी. एकदोन प्रसंगी कार्यालयात आवाजही चढले. कागद मात्र तसाच ठेवला आहे, आणि त्याचा कोरा नमुना विश्वस्त व देणगीदारांच्या अवलोकनार्थ या अहवालाच्या शेवटच्या पानावर जोडला आहे.